छोटी गाडी, घरचा पोर्च अन् नागपूरचं ऊन

घरी जुनी मारुती ८०० किंवा अल्टो उभी असेल, अंगणात कडुनिंबाखाली थोडी सावली असेल अन् रविवारची सकाळ मोकळी असेल, तर गाडीवर हात मारायचा छंद लावून घ्यायला अजून काही लागत नाही. नवीन गाडीचं बोनेट उघडलं की पहिले प्लास्टिकचं झाकणच दिसते अन् त्याच्याखाली बोट घालायला जागा नसते. ८०० चं पाहा, तीन सिलिंडर, ७९६ सीसी, आजूबाजूला एवढी मोकळी जागा की हातातून सुटलेला नट बहुतेक वेळा सरळ खाली फरशीवरच सापडते. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली अन् २०१४ च्या जानेवारीत बनणं बंद झाली, पण अल्टोत बराचसा तोच संसार पुढे चालला, म्हणून पार्ट अजूनही मिळून जातात अन् भावही खिशाला झेपणारे.

आता कोणीही शिकवायला बसला की इंजिन ऑइलपासून सुरू करते. नागपुरात मी तसं नाही सांगणार. आपल्याकडे गाडीले मारते ते ऊन. मे मध्ये पारा ४५ च्या वर, नवतपा लागला की विचारूच नका, गाडी दिवसभर ऑफिसच्या पार्किंगमध्ये उघड्यावर, अन् घरी येताना खालून सिमेंटचा रोड भाजून राहिला. म्हणून क्रम असा लावा, पहिले इंजिन थंड ठेवणाऱ्या गोष्टी, मग बॅटरी, मग रबर, अन् सजवासजवी सगळ्यात शेवटी. सजवतानाही एकच नियम धरा, जे लावलं ते उद्या काढता आलं पाहिजे. कंपनीची वायर कापायची नाही, पत्र्याला भोक पाडायचं नाही, काढलेला प्रत्येक पार्ट नावाची चिठ्ठी लावून डब्यात ठेवायचा. अर्धे शौक दोन वर्षांत उतरतात भाऊ, गाडी मात्र राहते.

हत्यारं

फार खर्च नका करू. या गाड्यांत ८, १०, १२, १४ अन् १७ हे नंबर घोळूनघोळून येतात, तर रिंग पान्यांचा एक सेट, गोटी पान्यांचा एक सेट, दोन चांगले पेचकस, पक्कड, वायर ब्रश, डोक्याला लावायचा टॉर्च, टायरची हवा पाहायचा गेज अन् एक साधा मल्टीमीटर. मल्टीमीटरवर कंजुषी नको, हे सगळ्यात कामाचं हत्यार आहे, अंदाजाने पार्ट बदलत बसण्यापेक्षा पाच मिनिटांत कळते की करंट कुठपर्यंत येऊन राहिला.

अन् दोन घोड्या, म्हणजे ते जॅक स्टँड, ते घ्याच. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली सरकायचं नाही, म्हणजे नाहीच. विटा लावून तर अजिबात नाही, वीट दिसते मजबूत पण वजन एका कोपऱ्यावर आलं की चुरा होते. पोर्चला उतार असेल तर गाडी सपाट जागेवर आणा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांच्या मागेपुढे लाकडी ठोकळे टाका, हँडब्रेक ओढा, पहिल्या गिअरमध्ये टाका, मग उचला. घोडी लावल्यावर गाडी हाताने जरा हलवून पाहा अन् मगच डोकं खाली घाला. घरात कोणाला तरी सांगून ठेवा की मी गाडीखाली आहे, नाहीतर लेकरू येऊन स्टिअरिंगशी खेळत बसते.

रेडिएटर, थर्मोस्टॅट अन् पंखा

हे काम मार्चमध्ये, होळीच्या आसपास करून टाका. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं टोपण उघडा. गरम इंजिनवर हे टोपण कधीच उघडायचं नाही, आत पाणी दाबाखाली असते, शंभर डिग्रीच्या वर जाऊनही उकळलेलं नसते, टोपण सैल झालं की एकदम तोंडावर येते. आतमध्ये हिरवं, लाल किंवा निळं स्वच्छ कूलंट दिसलं तर ठीक, चहासारखं तांबडं दिसलं तर समजा कोणीतरी वर्षानुवर्षे बोअरचं पाणी टाकून राहिलं होतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार एवढे की बादलीवर पांढरा थर बसते, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसते. मग खालचा पाइप काढून किंवा ड्रेन खोलून सगळं पाणी काढा, साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, खाली स्वच्छ पाणी यायला लागलं की बंद करा अन् कूलंट भरा. तयार मिक्स मिळते ते तसंच टाका, घट्टवालं घेतलं तर अर्धं कूलंट अन् अर्धं डिस्टिल्ड वॉटर. भरताना हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा अन् टोपण उघडं ठेवूनच इंजिन थोडा वेळ आयडलवर चालू द्या, आत अडकलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते, पातळी खाली जाते, मग अजून भरा. हे टोपण उघडं ठेवणं फक्त थंड इंजिनपासून सुरू केलेल्या या कामापुरतं, पाणी वर उसळायला लागलं की बंद करून टाका. जुनं कूलंट नालीत नका सोडू, चवीला गोड असते अन् विषारी असते, कुत्री-मांजरं चाटतात.

आता थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेची गोष्ट, कारण यावर दर उन्हाळ्यात वाद होते. गाडी गरम झाली की मिस्त्री म्हणते, "भाऊ, थर्मोस्टॅट काढूनच टाकतो ना, झंझटच खतम, आपल्या नागपुरात कायले पाहिजे ते." ऐकायला पटते. पण इंजिन थंडच राहिलं पाहिजे असं नसते, ते ठरलेल्या तापमानावर राहिलं पाहिजे. थर्मोस्टॅट काढला की सकाळी इंजिन गरम व्हायला लय वेळ लागते, एमपीएफआय गाडीत, म्हणजे जिथे कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटर पेट्रोल सोडते तिथे, कॉम्प्युटरला वाटते इंजिन अजून थंडच आहे अन् तो पेट्रोल जास्त सोडत बसते, एव्हरेज पडते, आत कार्बन धरते. डिसेंबरात, जेव्हा इथे पहाटे दहा डिग्रीच्या आसपास जाते, तेव्हा तर अजूनच. तर काढण्यापेक्षा तपासा. थर्मोस्टॅट बाहेर काढून दोऱ्याने जुन्या गंजात लटकवा, भांड्याच्या बुडाला टेकू देऊ नका, पाणी तापवत न्या. त्याच्या पत्र्यावर उघडायचं तापमान छापलेलं असते, ८२ नाहीतर ८८ वगैरे, पाणी उकळायच्या आधी तो उघडायला लागला अन् बाहेर काढल्यावर परत बंद झाला तर बरोबर आहे, परत बसवा, गॅस्केट मात्र नवीन. नाही उघडला तर नवीन घ्या, महाग नाही. अन् ते भांडं परत स्वयंपाकघरात नेऊ नका, हे मी घरच्यांच्या वतीने सांगून राहिलो.

गाडी गरम होण्याचं कारण बरेचदा याच्याहून साधं असते. पंखाच फिरत नाही. इंजिन आयडलवर सोडा, एसी बंद, बोनेट उघडं, हात लांब, अन् टेम्परेचरच्या काट्यावर लक्ष. काटा मधल्या जागेच्या जरा वर गेला की पंखा लागला पाहिजे अन् काही वेळाने बंद झाला पाहिजे. नाही लागला तर इंजिन बंद करा, पंख्याचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड, काढून मोटरला बॅटरीवरून सरळ बारा व्होल्ट देऊन पाहा. फिरला तर मोटर चांगली, गडबड फ्यूज, रिले किंवा सेन्सरमध्ये. नाही फिरला तर मोटरच गेली. दुसरं म्हणजे रेडिएटरच्या जाळीत धूळ, किडे, कापसासारखा कचरा अडकलेला असते, विशेषतः एसीचा कंडेन्सर अन् रेडिएटर यांच्या मधल्या फटीत, तो समोरून दिसतही नाही. बागेच्या पाइपाने, साध्या धारेने, इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने धुवा. वॉशिंग सेंटरचं प्रेशर त्याच्यावर मारू नका, पातळ पत्र्याची पानं वाकून जातात अन् हवा जायची तीही बंद होते.

बॅटरी अन् रबर

लोकांना वाटते बॅटरी थंडीत जाते. थंडीत ती फक्त उघडी पडते, खराब तर उन्हाळ्यातच झालेली असते, कारण उष्णतेने आतलं पाणी उडते अन् प्लेटा लवकर झिजतात. पाणी टाकायची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा लेव्हल पाहा, कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच टाका, वरच्या रेघेच्या वर नाही. टर्मिनलवर पांढरं-हिरवं फूल आलं असेल तर पहिले मायनस काढा, मग प्लस, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ब्रशने घासा, कोरडं करा, लावताना उलटं, पहिले प्लस अन् शेवटी मायनस, वरून जरासं ग्रीस किंवा व्हॅसलीन. मायनस पहिले काढायचं कारण सोपं आहे, प्लसवर पाना लागलेला असताना त्याचं दुसरं टोक चुकून बॉडीला लागलं तर ठिणगी उडते, अन् बॅटरीच्या वर हायड्रोजन असू शकते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. इंजिन चालू असताना साडेतेरा-चौदाच्या घरात आकडा आला तर अल्टरनेटर आपलं काम करून राहिला.

रबराचं काय, ते उन्हाने कडक होते अन् मग तडकते. दर उन्हाळा संपताना रेडिएटरचे पाइप, फॅन बेल्ट, वायपरची रबरं अन् दाराची बीडिंग दाबून, वाकवून पाहा. बारीक भेगा दिसल्या की बदला, फुटायची वाट कशाला पाहायची. पेट्रोलच्या पाइपाकडे तर आता जास्तच लक्ष द्या, कारण पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येऊन राहिलं अन् आपल्या जुन्या गाड्यांची रबरं त्या हिशोबाने बनलेली नाहीत. कार्ब्युरेटरवाली ८०० असेल तर टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा इथेनॉल चालणाऱ्या नळीचा टाकून घ्या, क्लिप नवीन. काम झाल्यावर नाकाने खात्री करा, जरा जरी पेट्रोलचा वास आला तर चावी फिरवायची नाही.

८०० अन् जुन्या ७९६ सीसीच्या अल्टोत टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनच्या आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा असते, अल्टो के टेनच्या इंजिनमध्ये त्याजागी चेन. सेकंडहँड गाडी घेतली अन् बेल्ट केव्हा बदलला याचा पत्ता नसेल तर पहिले तो बदलून टाका. हे काम पहिल्याच वर्षी स्वतः नका करू, खुणा जुळवायच्या असतात, मिस्त्रीच्या बाजूला उभं राहून पाहा.

टायरवर जास्त बोलत नाही. हवा सकाळी गाडी काढायच्या आधी पाहा, दाराच्या आत किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते तेवढीच. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची ही जुनी समजूत आहे, कमी हवेने टायरच्या बाजू जास्त वाकतात, त्याने टायर उलट अजून तापते. बाजूवर चार आकडे असतात, २३२२ असेल तर २०२२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसत असली तरी सहा-सात वर्षांचा, भेगा पडलेला टायर घेऊन वर्धा रोडवर ऐंशीने जायचं नाही. स्टेपनीची तारीखही पाहा, ती बहुतेक सगळ्यात म्हातारी निघते.

ऑइल

इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करा, गाडी घोडीवर किंवा रॅम्पवर घ्या, खाली जुनं टब, ऑइल चेंबरच्या तळाचा ड्रेन नट १७ चा. शेवटचे आटे हाताने सोडा अन् मनगट बाजूला ठेवा, नाहीतर ऑइल बाहीत. अर्धा तास निथळू द्या. फिल्टर हाताने निघाला तर बरं, नाहीतर पट्ट्याचा पाना. नवीन फिल्टरच्या रबराला बोटाने नवं ऑइल लावा, हाताने टेकेपर्यंत फिरवा अन् वरून पाऊण आटा अजून, पान्याने आवळायचं नाही. ड्रेन नटचं वायसर नवीन टाका, नट पहिले हाताने पूर्ण फिरवून घ्या, तिरका लागला तर चेंबरचे आटे जातात अन् मग पन्नास रुपयांचं काम हजारावर जाते. या इंजिनांत फिल्टरसकट तीन लिटरच्या जरा आत ऑइल बसते, अडीच टाकून मग गेजकाडीवर पाहत पाहत वाढवा. ग्रेड मॅन्युअलमध्ये पाहा, जुन्या झिजलेल्या ८०० ला इथल्या गरमीत लोक थोडं जाड ऑइल टाकतात अन् ते चालते, नव्या अल्टोत तसं करायचं काही कारण नाही. जुनं ऑइल त्याच डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, ते जमा करून पुढे देतात. नालीत सोडलं की ते नाग नदीत जाते, तिची हालत आधीच काय आहे ते आपण पाहूनच राहिलो.

स्पार्क प्लग काढायला जुन्या गाडीत २१ चा अन् नव्यात १६ चा पाना लागते, इंजिन थंड असताना काढा, एका वेळी एकच, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. टोक तपकिरी असेल तर इंजिन खुश, काळं कोरडं असेल तर पेट्रोल जास्त, काळं ओलं तेलकट असेल तर ऑइल वर येऊन राहिलं. ब्रेकचं मी एवढंच सांगीन की डबीतली लेव्हल पाहा, तेल दोन वर्षांनी बदला, पॅड किती राहिले ते चाक काढून पाहा, पण पाइप खोलायचं काम पहिल्यांदा कोणा जाणकाराला बाजूला उभं करूनच करा. अन् ब्रेकचं तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खाऊन टाकते.

पावसाळ्याबद्दल एकच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव वरून वाहायला लागला अन् अंबाझरी लेआउट, डागा लेआउटकडे गाड्याच्या गाड्या पाण्यात गेल्या. तुमच्या गाडीच्या दाराच्या वर पाणी गेलं असेल तर चावी फिरवायचा मोह आवरा. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकते. बॅटरीचं मायनस काढा, एअर फिल्टर ओला आहे का पाहा, गेजकाडीवर ऑइल दुधाळ दिसते का पाहा, आधी फोटो काढून इन्शुरन्सवाल्यांना कळवा, मग टो करून न्या.

आता शौकाचं

सगळ्यात जास्त पैसा वसूल होणारं काम म्हणजे हेडलाइटला रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच, लावणं. जुन्या गाडीचे लाइट पिवळे, मेणचट पडतात अन् लोक जाऊन शंभर वॅटचे बल्ब नाहीतर निळे-पांढरे एलईडी घालतात. शंभर वॅटने होल्डर अन् स्विच वितळते, रस्त्यावर चालवायला ते कायद्यातही बसत नाही. अन् हॅलोजनसाठी बनवलेल्या परातीत, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत रिफ्लेक्टरमध्ये, एलईडी घातला की उजेड पसरते अन् समोरच्याच्या डोळ्यात जाते, काटोल रोडवर रात्री याचा अनुभव सगळ्यांनीच घेतला आहे. खरा रोग असा की बल्बचा सगळा करंट पातळ जुन्या वायरीतून, स्टिअरिंगच्या स्विचमधून फिरून येते अन् वाटेतच व्होल्टेज गळते. बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं की उजेड ३० टक्क्यांच्या आसपास कमी होते. आधी मोजा. इंजिन चालू, लाइट चालू, बॅटरीवर किती अन् बल्बच्या कपलरवर किती, फरक एक व्होल्टच्या वर असेल तर हे काम कराच.

दोन रिले घ्या, चार पिनवाले, बारा व्होल्ट, एक डिमसाठी अन् एक अप्परसाठी. पिनांवर नंबर असतात. ३० ला बॅटरीच्या प्लसवरून अडीच स्क्वेअर एमएमची वायर, अन् बॅटरीपासून वीतभर अंतरावरच १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून बल्बला. ८६ ला कंपनीच्या कपलरमधून येणारा जुना सिग्नल. ८५ अर्थ. म्हणजे आता जुनी वायर फक्त रिले ओढायचं काम करते अन् बल्बला माल सरळ बॅटरीतून येते. बल्ब तोच, ६०/५५ वॅट. कंपनीच्या वायरीला ब्लेड लावायची गरजच नाही, बाजारात एच फोरचा, म्हणजे या प्रकारच्या हेडलाइट बल्बचा, नर-मादी कपलर मिळते, जुना कपलर त्यात घुसवा, विकताना सगळं उपटून काढता येते. बल्बची अर्थही नवीन, बॉडीवर रंग खरडून चांगली लावा, अर्धा फायदा तिथेच आहे. एक मात्र पाहून घ्या, काही जपानी घराण्याच्या गाड्यांत स्विच प्लसच्या बाजूला नसून अर्थच्या बाजूला असते. मल्टीमीटरने पाहा, लाइट बंद असतानाही कपलरवर बारा व्होल्ट येऊन राहिले तर तुमची गाडी तशी आहे, मग जोडणी उलटी करावी लागते. रिले बॅटरीच्या जवळ, पिना खालच्या दिशेने, म्हणजे पाणी साचत नाही. वायरींना जाळीचा पाइप घाला, सायलेन्सरपासून लांब.

दुसरं काम, दारं अन् छत. छोट्या गाडीचा पत्रा पातळ, दार लावलं की डब्यासारखा आवाज अन् उन्हात आत भट्टी. ब्युटाइलची डॅम्पिंग शीट मिळते, एका बाजूला अॅल्युमिनियम अन् दुसऱ्या बाजूला चिकट, तीच घ्या. गच्चीच्या गळतीला लावायची डांबराची पट्टी स्वस्त पडते म्हणून लोक तीच चिकटवतात, पण आपल्या मे महिन्यात ती घसरते, चिकट काळं पाणी गळते अन् गाडीत वास भरते.

दाराचं पॅनल काढताना हाताने फिरवायच्या काचेचं हँडल पहिले अडते, तिथे स्क्रू दिसत नाही. हँडलच्या मागे घोड्याच्या नालीच्या आकाराची एक छोटी स्प्रिंगची क्लिप असते. एक सुती चिंधी, दोन बोटं रुंद, हँडल अन् त्याच्या मागच्या प्लास्टिकच्या चकतीच्या मध्ये घालायची, दुसऱ्याला पॅनल आत दाबून धरायला सांगायचं, चिंधीची दोन्ही टोकं धरून डावी-उजवीकडे ओढत वर न्यायची. चिंधीचा धागा क्लिपच्या टोकात अडकते अन् क्लिप टक्कन उडते, कुठे उडते ते पाहायला खाली चादर अंथरून ठेवा. मग आर्मरेस्टचे स्क्रू, मग कडेच्या प्लास्टिकच्या खुंट्या, त्या सपाट पट्टीने उचला, दोनचार तुटतीलच, आधीच जास्तीच्या आणून ठेवा. आत प्लास्टिकचा पातळ कागद दिसेल, तो फाडू नका, हळूच सोडवा अन् शेवटी परत चिकटवा, पावसाचं पाणी तोच अडवते. बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू पेट्रोलने नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, शीट लावा, रोलरने दाबून बुडबुडे काढा. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही, मधला अर्धा झाकला तरी आवाज बसते. दाराच्या तळाशी छोटी भोकं असतात, ती बंद करायची नाही, पाणी तिथूनच बाहेर जाते, बंद झाली की दार आतून गंजते. उन्हासाठी नुसती डॅम्पिंग शीट पुरत नाही, ती आवाजाची आहे, छताला तिच्यावर बंद पेशींचा फोम लावा, सहा एमएम चालते, मग छताचं अस्तर परत. शीट वजनदार असते, छताला थोडीच लावा.

काळ्या फिल्मच्या मागे लागू नका. २०१२ ला सुप्रीम कोर्टाने त्यावर बंदी आणली, नियमात पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के अन् बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड दिसला पाहिजे असं आहे. चांदीसारखा सनशेड समोर लावा अन् सीटला रेक्झिनऐवजी सुती कव्हर शिवून घ्या, रेक्झिनवर दुपारी बसून पाहिलं असेल तर कारण सांगायची गरज नाही.

चाकांचं गणित आधी कागदावर करा. अल्टो ८०० ला १४५/८० आर १२ येते, उंची सुमारे ५३७ एमएम. १३ इंची रिमवर १५५/६५ घेतला तर ५३२ च्या जवळ, फरक एक टक्का, स्पीडोमीटर बिघडत नाही, टायर आत घासत नाही. १४ इंची लावायचा हट्ट केला की स्टिअरिंग जड, खड्ड्यात रिम वाकते. घेण्याआधी पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, मोजा, चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत, अन् ते स्टेपनीशीही जुळवा, नाहीतर पंक्चर झाल्यावर दोन प्रकारचे नट घेऊन फिरावं लागते.

आरटीओचं काय ते ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ बनावटीत फरक पडेल असा बदल चालत नाही, अन् जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटलं. इंजिन बदलणं, सीएनजी किट, गाडीचा रंग बदलणं हे आरसीवर नोंदवावं लागते. सायलेन्सरचा आवाज वाढवणं, प्रेशर हॉर्न, समोर लोखंडी गार्ड, हे सोडून द्या. पंधरा वर्षं झाली की नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, तेव्हा गाडी पाहतात, एमएच ३१ असो, ४० असो की ४९. म्हणून परत काढता येणारा बदलच करा म्हणतो, तपासणीच्या आदल्या दिवशी दोन तासांत गाडी मूळ रूपात आली पाहिजे.

गंज अन् रंग

पाऊस संपला की मॅट उचला, स्टेपनीचा खड्डा, बॅटरीखालचा पत्रा अन् दाराच्या खालच्या कडा पाहा. रंग फुगलेला दिसला की वरून रंग मारून झाकू नका, खालून खात राहते. वायर ब्रशने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, पत्रा आरपार गेला असेल तर वेल्डिंग, नाहीतर इपॉक्सी प्रायमर, गरज असेल तिथेच पातळ पुट्टी, मग वॉटर पेपर, ४०० ने सुरू करून ८०० पर्यंत, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून. रंगाचा कोड बोनेटखालच्या पट्टीवर असते, त्यावरून स्प्रे कॅन मिक्स करून मिळते.

रंगाला मुहूर्त पाहा. जुलैच्या दमट हवेत मारला तर वर पांढुरकी साय येते, मे मध्ये मारला तर थेंब पत्र्यावर नीट पसरायच्या आधीच वाळते अन् हात फिरवला की खडबडीत लागते, पेंटर लोक ज्याला ऑरेंज पील म्हणतात तेच, नागपुरात संत्र्याची साल अशीही मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी नऊ-दहानंतर, दव उडाल्यावर, सगळ्यात चांगलं. जमिनीवर पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडत नाही, बाजूच्या भागाला कागद अन् टेप लावा, तोंडाला चांगला मास्क, कॅन एक मिनिट हलवा, वीतभर अंतरावरून, पत्र्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच सोडायचं. पातळ तीन-चार हात, प्रत्येकात दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या हातात पत्रा दिसतच राहते, घाबरायचं नाही, तिथेच जाड मारायला गेलं की रंग ओघळते. वरून क्लिअर दोन हात. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी, हळू, तिरकी ओढून काढा, म्हणजे कडा तुटत नाही. आठवडाभर त्या जागी पाणी-साबण नको अन् पॉलिश तर महिनाभर नको, अन् गाडी तोवर झाडाखाली लावू नका, पाखरांचं काम कच्च्या रंगावर कायमचं उमटते.